बंदी उसनी आणता येते, पुरावा नाही

शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांचा विषय भारतात निघाला, की ‘युरोपात बंदी आहे, मग आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो आणि ‘तिकडचे निकष इकडे लादू नका’ हे उत्तरही ठरलेले असते. जर्मनीतील प्रयोगशाळेत याच रसायनांवर काम करताना मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

मुळात युरोपातच एकमत नाही. प्लास्टिक बनवताना वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची रोजची सुरक्षित मात्रा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये, शरीराच्या दर किलो वजनामागे, ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने ते अमान्य करून २०० नॅनोग्रॅमचा आकडा मांडला. उंदरांच्या विशिष्ट रोगप्रतिकारक पेशी वाढल्या, एवढ्यावरून माणसाला अपाय होतो असे म्हणावे का, हा त्या वादाचा गाभा होता.

जनुकीय तंत्रांपुढेही हाच पेच आहे. पेशींना रसायनाची अत्यल्प मात्रा द्यायची, काही तासांनी त्यांतील आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या संदेशांच्या प्रती, वेगळा काढायचा आणि कोणती जनुके जागी झाली, कोणती मंदावली हे वाचायचे, अशी ही पद्धत. ती इतकी हळवी आहे, की पेशी ज्या द्रावणात वाढवतो त्याचा नेहमीचा गुलाबी रंगही आम्हाला वगळावा लागतो, कारण त्या रंगद्रव्यातूनच इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा क्षीण परिणाम होतो. जनुक जागे झाले म्हणजे रोग झाला असे नव्हे, हे मी माझ्या निष्कर्षांबाबतही आग्रहाने सांगते. तरीही एका कामात ही तंत्रे फार मोलाची आहेत. बिस्फेनॉल-ए काढून त्या जागी आलेले बिस्फेनॉल-एस हेही इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशींतील प्रथिनांना, चेतवते. पर्यायी रसायन बाजारात येण्यापूर्वीच दोघांचे जनुकीय ठसे, म्हणजे कोणती जनुके जागी झाली आणि कोणती मंदावली याच्या नोंदी, शेजारी ठेवून पाहिले, तर हे साम्य वेळीच दिसते. नाव घेऊन एकेका रसायनावर बंदी मागणाऱ्या चर्चेत ही तुलना येतच नाही, याची मला खंत वाटते.

भारताने १०,००० जणांच्या जनुकसंचांचे वाचन पूर्ण केले आहे. म्हणजे यंत्रे आहेत, जाणकार माणसेही आहेत. मात्र जनुकसंचातून वारसा कळतो, गरोदरपणात आईच्या शरीरात कोणती रसायने होती ते कळत नाही. बिस्फेनॉल-ए तर बहुतांशी एका दिवसात लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे एकदाच घेतलेला नमुना फसवा ठरतो. त्याच स्त्रियांचे लघवीचे आणि रक्ताचे नमुने गरोदरपणात पुन्हापुन्हा घेऊन, त्यांच्या मुलांच्या वाढीच्या नोंदींसह वर्षानुवर्षे जपावे लागतील, आणि सरकारने त्यासाठी पैसा आताच बाजूला काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.