झिऱ्यावरून गाडी नेऊ नका

पावसाळ्यात मेळघाटाकडे गाडी घेऊन जाणाऱ्या माझ्या मित्रांनो, ही पोस्ट झिऱ्याबद्दल आहे, म्हणजे नाल्याकाठच्या रेतीत पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या खड्ड्याबद्दल. लांब आहे. तरी पूर्ण वाचा.

श्रावणातला दुसरा रविवार. पहाटे साडेपाचला अमरावतीतून पाच जण निघालो. चार मोटरसायकली: दोन एक्सपल्स, माझी हिमालयन आणि एका मित्राच्या बाबांची स्प्लेंडर. वलगाव मागे पडलं, आसेगावला पूर्णा ओलांडली. तुडुंब नव्हती, पण पाणी चांगलं होतं. परतवाड्यात आलुबोंडे खाल्ले, टायरची हवा थोडी कमी केली आणि धारणीच्या रस्त्याला लागलो. घाट सुरू व्हायच्या आधीच डांबरी सोडली. पुढे डोंगराच्या कुशीत एक धबधबा आहे. त्याचं नाव आणि वाट मी इथे लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही सांगणार नाही. कारण खाली येईलच.

पहिले तीन किलोमीटर पांदण, दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन. ज्याने पावसाळ्यातल्या काळ्या मातीत गाडी चालवली नाही, त्याला हे सांगून कळत नाही. माती टायरला चिकटते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. हिमालयनचा खालचा मडगार्ड चाकाला लागून आहे, त्यामुळे दर दोन-तीनशे मीटरवर उतरून काडीने चिखल काढायचा. दोनशे किलोच्या घरातली गाडी घसरत्या चिखलात उभी ठेवायची म्हणजे दोन माणसं लागतात. स्प्लेंडर मात्र आम्ही अक्षरशः उचलून पुढे ठेवली. मुरूम लागला तसं सगळं बदललं. हँडल सैल धरायचं, फूटरेस्टवर उभं राहायचं, नजर चाकाजवळ न ठेवता वीस पावलं पुढे. सागाला पांढरा फुलोरा आला होता, ढग डोंगराला टेकलेले. ह्या दीड तासासाठी मी वर्षभर वाट पाहतो, हे मनापासून सांगतो.

मग नाला आला. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. आमच्यातला एक आधी पायी उतरून तळ पाहून आला, हे आम्ही नेहमी करतो. गाडवाटेने, म्हणजे बैलगाड्या जातात त्या वाटेने, चारही गाड्या पार झाल्या. इथवर सगळं बरोबर होतं. पण पाणी उडतानाचा व्हिडिओ नीट आला नाही, म्हणून आम्ही परत फिरलो. गाडवाटेवर तळ खडकाचा, पाणी पसरट, तिथे पाणी उडत नाही. म्हणून तीस-चाळीस पावलं वर गेलो, जिथे काठाला रेती होती. तिथून इकडे, तिकडे. सात-आठ वेळा.

काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, हातात दोन गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे. वरच्या कोरकू आदिवासींच्या वस्तीतली. ती ओरडली नाही. आमचं होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "भाऊ, झिरा होता तिथं. पानी पितो आमी त्याचं."

मी खाली पाहिलं. रेतीत हातभर खोल, काठाला दगड रचलेला एक खड्डा होता. अर्धा टायरने ढासळलेला, उरलेल्यात चहासारखं पाणी. त्यावर इंद्रधनुष्यी तवंग. आदल्या रात्री आमच्यातल्या एकाने चैनला इंजिनचं जुनं ऑईल लावलं होतं. चैनला तेल लावलेलं चांगलं, असंच आम्ही सगळे शिकलो आहोत. ते तेल धुवून कुठे जातं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळ्यात नाला गढूळ असतो. म्हणून लोक प्रवाहाच्या बाजूला रेतीत खड्डा करतात. नाल्याचं पाणी रेतीतून झिरपत येतं, गाळ रेतीत राहतो आणि झिऱ्यात नितळ पाणी साठतं. हा गाविलगडाचा डोंगर सगळा काळ्या दगडाचा, वर मातीचा थर पातळ. पाणी मुरत कमी, वाहतं जास्त. अल्याडचं सापन, बिच्छन, चंद्रभागा या नद्यांतून पूर्णेत उतरतं, पल्याडचं सिपना, गडग्यातून तापीत. पाऊस इतका, तरी उन्हाळ्यात इथल्या बायांच्या डोक्यावरून गुंड उतरत नाही. अशा ठिकाणी रेतीचा एक पट्टा ही गावाची टाकी असते. आम्ही एका व्हिडिओसाठी ती तुडवली.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. नाला ओलांडायचा तर गाडवाटेनेच, आणि एकदाच. बैलगाडीवाल्याने ती जागा उगाच निवडलेली नसते. तळ कुठे धरतो, पाणी कुठे पसरतं, हे त्याच्या आज्याला माहीत होतं. रेतीच्या काठावर चाक घालायचं नाही, खड्डा दिसो किंवा न दिसो. निघण्याआधी चैनवरचं जास्तीचं तेल पुसून काढायचं, जुनं ऑईल तर लावायचंच नाही. आणि वस्ती आली की गाडी तिथे विचारून ठेवायची आणि पुढे पायी जायचं. जंगलाचं वेगळं सांगायला नको. १९७४ पासून इथे व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हाच आहे. पण जंगलाबाहेरच्या नाल्यांना, पांदणींना कोणी पहारेकरी नसतो. तिथे आपल्यालाच आपलं भान ठेवावं लागतं.

काही जण म्हणतील, गावातल्याही गाड्या नाल्यातून जातातच ना. जातात. गाडवाटेने, आठवड्यातून दोनदा, बाजाराला किंवा दवाखान्यात. ते खेळ म्हणून जात नाहीत.

धबधब्यापर्यंत आम्ही त्या दिवशी पायीच गेलो, तासाभराची चढण. पाणी तीन टप्प्यांत पडतं, खालच्या डोहाजवळ बोललेलं ऐकू येत नाही. सुंदर आहे. पण मी फार वेळ थांबलो नाही. दुपारी वर ढग फुटले आणि आम्ही उतरेपर्यंत नाला कमरेपर्यंत आला होता. चार तास अलीकडे बसून राहिलो. एकाला घाई होती, त्याला आम्ही जाऊ दिलं नाही. डोंगरातला नाला झटकन चढतो, उतरायला मात्र वेळ घेतो, थांबायची तयारी पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा गेलो. गाड्या डांबरीलाच ठेवल्या, फावडं आणि घमेलं घेऊन पांदणीने चालत. म्हातारी नाल्यावरच भेटली. तिने नवीन झिरा आधीच धरला होता, जुन्याच्या वर, जांभळाच्या मुळापाशी. रेती मात्र सारखी आत घसरत होती. आम्ही वरचे गोटे आणून दिले, ती ते एकेक पाहून बसवत गेली, दोन-तीन तर तिने परत केले. मग आतलं गढूळ पाणी घमेल्यानं उपसून बाहेर टाकलं आणि काठावर बसलो. भरायला अर्धा तास लागला. तिने पहिला गुंड भरला, उचलायला मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, सवय हाय."