‘बारमध्ये कसलं आलंय जेवण?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव टाकलं नाहीत, पण खाली ‘पूर्व भागातला, सत्तरी ओलांडलेला’ असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणतो. प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाची आहे, तेव्हा उत्तरही दोन ओळींत भागणारं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी सोलापुरात आमच्या भागातल्या एका साध्या परमिट रूममधल्या जेवणाचं कौतुक केलं होतं, घरच्यांना घेऊन गेलो तेही लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की बारमधलं जेवण चांगलं लागतं ते जीभ बधिर झाल्यामुळे, तिखटाखाली शिळंपाकं खपून जातं. वीस रुपयांची पाण्याची बाटली तीसला लावतात ती उघड लूट. आणि ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गावात, जिथे गिरण्या बंद पडल्यावर दारूने घरंच्या घरं बसली, तिथे बायकामुलांना बारमध्ये न्यायचं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. वर ‘एवढंच चांगलं आहे तर नाव का लपवता?’ असा टोलाही आहे.

आधी जिभेचं बघू. दारूने जीभ बधिर होते आणि तिखट कळत नाही, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. तिखटाच्या बाबतीत मात्र उलटं घडतं. मिरचीचा जाळ तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना कळतो, त्यांनाच दारूतला अल्कोहोल जास्त हळवं करतो. म्हणजे घोट घेतल्यावर झणझणीत रस्सा अधिकच झोंबतो. विश्वास बसत नसेल तर पिणाऱ्याच्या कपाळावरचा घाम बघा. ‘जरा कमी तिखट आण रे’ ही हाक मी फॅमिली सेक्शनपेक्षा आतल्या हॉलमधूनच जास्त ऐकली आहे.

पण शास्त्र सोडा, याहून सोपी परीक्षा आहे. ड्राय डेला जेवायला जा. २६ जानेवारी घ्या, १५ ऑगस्ट घ्या, निवडणुकीतलं मतदान संपण्याआधीचे ४८ तास घ्या, नाहीतर मतमोजणीचा दिवस घ्या. काउंटरमागचं कपाट कुलपात, दारूचा थेंब नाही. ज्या बारचं किचन नावापुरतं असतं तो त्या दिवशी शटर अर्धं ओढून फरशी धुऊन घेतो. मी लिहिलं त्या ठिकाणी भाकऱ्या थापायचं काम थांबत नाही. टेबलं काही रिकामी असतात, हे खरं. पण जे बसलेले असतात ते पूर्ण शुद्धीत बसून तोच रस्सा ओरपत असतात. त्यांच्या जिभांना काय झालेलं असतं, काका?

याच्या पुढची परीक्षा २०१७ साली सुप्रीम कोर्टानेच घेतली होती. डिसेंबर २०१६ च्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. आपलं गाव पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या तिठ्यावर वसलेलं, त्यामुळे इथे त्याची झळ कशी बसली असेल ते तुम्हाला सांगायला नको. जुलैमध्ये कोर्टानेच खुलासा केला की शहरांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. मधल्या महिन्यांत दारूविना टेबल कोण भरू शकतं ते उघड्यावर आलं. जेवणावर भिस्त असलेले तगले.

आता शिळ्यापाक्याचं. हायवेच्या ढाब्यावर गिऱ्हाईक एकदा येतं आणि हैदराबादला निघून जातं. गल्लीतल्या बारचं तसं नसतं. तिथे रोज तेच चेहरे, बहुतेक वेळा त्याच खुर्चीत. आमच्या इथे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर येतात. वेटर क्वार्टर आणतो ती आधी त्यांच्या हातात देतो. ते सील बघतात, बाटली उलटी करून दिव्यासमोर धरतात, मगच फोडू देतात. पाणी स्वतः घालतात. मग शेंगा चटणीची चिमूट घेऊन अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळतात. बोटाला तेल सुटलं तर ती उखळात कुटलेली. कोरडी भुकटी राहिली तर मिक्सरमधली, दाणेही नीट न भाजलेले. एकदा त्यांनी वाटी तशीच सरकवली आणि एवढंच म्हणाले, ‘का बे, हात दुखले का आज?’ वेटर हसत वाटी घेऊन गेला आणि बदलून आणली. जेवणाबद्दल तक्रार करणारा असा माणूस रोज समोर बसलेला असताना कालचं मटण आज गरम करून द्यायची छाती कुणाची होईल?

त्यांचं पुढचं जेवणही बघण्यासारखं असतं. कडक भाकरी येते, पापडासारखी पातळ. तळहाताने दाबली की कटकन् मोडते. तुकडे खोलगट ताटलीत घालायचे, वर काळ्या मसाल्याचा मटण रस्सा, आणि मऊ पडायच्या आधी खायचे. उशीर केला तर लगदा होतो, म्हणून तेवढा वेळ ग्लास बाजूलाच राहतो. चवीचा कस लागतो तो तिथे, कारण भाकरीला स्वतःचं काहीच नसतं, ज्वारी आणि मीठ. रस्सा पाणचट असेल तर लपायला जागा नाही.

चायनीजच्या पानाबद्दल मात्र मी बाजू घेणार नाही. गोबी मंचुरियन, चिकन क्रिस्पी, पनीर चिली हे सगळं एकाच सॉसच्या बाटलीतून निघतं आणि तिथे तुमचा संशय बिनदिक्कत चालवा. तळणीचं तेल बघायचं असेल तर पापड तळून मागवा. रंगावरून कळतं.

चकण्यातही धंदा आहे. खारे शेंगदाणे, मसाला पापड, फरसाण फुकटात किंवा स्वस्तात पुढ्यात येतं ते मालकाच्या उदारपणामुळे नाही. मिठाने तहान लागते, तहानेने दुसरी बाटली येते. पण त्याच टेबलावर भरल्या पोटी पिणाऱ्याला दारू हळू चढते, कारण पोटात अन्न असलं की ती आतड्यात सावकाश उतरते. वाईन शॉपमधून क्वार्टर घ्यायची, प्लास्टिकचा ग्लास आणि पाण्याचा पाऊच घ्यायचा आणि अंधारात उभ्याउभ्या दहा मिनिटांत संपवून गाडीला किक मारायची, या पद्धतीत ना भाकरी ना ‘बास करा साहेब आता’ म्हणणारा वेटर.

पाण्याच्या बाटलीचं तुम्हाला आवडणार नाही, पण कायदा मालकाच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येतं, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायला जागा आणि सेवाही दिली जाते. किराणा दुकानदाराने तीस मागितले तर तक्रार करा, बारवाल्याने मागितले तर चडफडा. त्याहून सोपं म्हणजे पाण्याचा जग मागा. तो टेबलावर आपण होऊन ठेवत नाहीत, मागितला की ठेवतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात तेही जारचं विकतचं असतं, हा भाग वेगळा.

बाकी बिलाबद्दल तुम्ही ‘काहीही आकडे लावतात’ म्हणालात. माझं पोट हिशेबाच्या कामावर चालतं, म्हणून एवढं सांगतो की बारचं बिल दोन भागांत वाचायचं. जेवणावर ५ टक्के जीएसटी. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर व्हॅट. तो परमिट रूमसाठी १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये सरकारने इथे बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला. वाईन शॉपमध्ये छापील किमतीला मिळणारी बाटली बारमध्ये बरीच महाग पडते ती या व्हॅटमुळे आणि अर्थात मालकाच्या नफ्यामुळे. दोन्ही मिळून. परिणाम असा की दोन क्वार्टर घेणारा एकीवर आला किंवा वाईन शॉपकडे वळला. म्हणजे गल्लीतल्या बारला आता रस्सा आणि भाकरीच तारणार. मालकाने किचनकडे दुर्लक्ष करायची हीच वेळ नव्हे, आणि आमचा मालक ते ओळखून आहे.

गिरण्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी थांबलो होतो. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू बंद पडल्या, पगार थांबले आणि पुरुष घरी बसले. बायका विड्या वळून घर चालवत राहिल्या, पूर्व भागात ते आजही दिसतं. तुम्ही ते जवळून पाहिलंय, मी बराचसा ऐकलेला माणूस. पण ज्याचा पगार बुडाला तो परमिट रूमच्या पंख्याखाली बसून चिकन सिक्स्टी फाईव्ह मागवत नव्हता, काका. तो गेला देशीच्या दुकानात नाहीतर हातभट्टीकडे, जिथे बसायला खुर्ची नाही आणि खायला चिमूटभर मीठ. आपल्या जिल्ह्यात २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं ते हातभट्टीसाठी. नुसत्या धाडी घालून भट्ट्या परत पेटतात, म्हणून तांड्यांवरच्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा असा तो प्रयत्न होता. दारूने मोडलेल्या घरांची काळजी असेल तर बघण्यासारखी जागा ती आहे. आणि कुठलंही दारूदुकान नकोच असेल तर बाटली आडवी करायचा मतदानाचा मार्ग बायकांच्या हाती कायद्याने दिलेला आहे. माझ्या लेखाने त्याच्या आड कुणी येत नाही.

सिद्धेश्वर माझेही आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे त्यांच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक आमच्याही घरचे लोक वाटेवर उभे राहून बघतात. त्याच गावात रमजानला विजापूर वेशीत शीक भाजले जातात आणि त्या धुरात सगळ्या जातीधर्मांची पोरं उभी असतात. खाण्याच्या बाबतीत या गावाने कधी सोवळं पाळलेलं नाही.

उरला फॅमिली सेक्शन. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी मागच्या लेखातही लिहिलं होतं, बहुधा तुमच्या नजरेतून सुटलं. प्लायवूडचं पार्टिशन टाकून वर ‘फॅमिली रूम’ची पाटी लावली की काम झालं असं बऱ्याच मालकांना वाटतं. आमच्या हिची कसोटी साधी आहे: आत जाण्याचा जिना वेगळा आहे का, आणि बायकांच्या टॉयलेटला आतून कडी लागते का. बारच्या हॉलमधून वाट काढत वर जावं लागत असेल तर ती खालूनच मागे फिरते, मग मटण कसंही असो. मी लिहिलं तिथे जिना गल्लीच्या बाजूने आहे आणि वर दारू देत नाहीत. शनिवारी रात्री तरीही खालचा आवाज येतो, त्यामुळे आम्ही शनिवार टाळतो. मुलांनी बार बघूच नये असं तुम्हाला वाटत असेल तर तो तुमच्या घरचा नियम झाला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पंचविशीच्या आत दारू आणि एकविशीच्या आत बिअर द्यायची नाही, हा नियम सरकारचा आहे. तो वाकवणाऱ्या ठिकाणी मीही पाय ठेवणार नाही.

नाव लपवलं नाही, टाकलं नाही. मोजकीच टेबलं आहेत आणि भाकऱ्या करणाऱ्या मावशी एकच आहेत. शिवाय ही जाहिरात नव्हती. असा एखादा बार अशोक चौकातही असेल, जुळे सोलापुरातही असेल. तुमच्या भागातला शोधायचा तर दुपारी जा, रात्री नाही. मेनूकार्ड जितकं जाड तितकं किचन पातळ, हा माझा अनुभव. मऊ भाकरी ऑर्डर घेतल्यावर थापायला घेतात की आधीच थापून रचून ठेवलेली असते, ते किचनच्या दारात उभं राहिलं की दिसतं. शेंगा चटणी वेगळी मागा, ती आपण होऊन आणत नाहीत. आणि एकच्या आत पोचा, कारण मटण एका पातेल्याचंच करतात, दोननंतर अंडाकरीवर भागवावं लागतं.