‘ब्राझील म्हणजे सोलापूरच, फक्त हिरवं’ या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला चार व्हॉट्सॲप गटांतून आला. आधी माहेरच्या, मग भिशीच्या, आणि शेवटी सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या गटात. त्याचा सारांश असा: ‘ब्राझील म्हणजे आपलं सोलापूरच, फक्त हिरवं. बारा महिने सारखंच ऊन, कधीही जा. सात दिवसांत रिओ, ॲमेझॉन, इग्वासू सगळं होतं, रेल्वेने स्वस्तात फिरा. लस वगैरे काही लागत नाही, एजंट उगाच घाबरवतात. इंग्रजी सगळीकडे चालतं. शाकाहारी माणूस मात्र उपाशी राहतो आणि रिओत पाऊल ठेवलं की लुटतात.’

एरवी मी असले संदेश सोडून देते. पण आमच्या गटातल्या एका जोडप्याने निवृत्तीच्या पैशांतून तिकिटं बघायला सुरुवात केली आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान तिकडे जाऊन आलो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं उन्हाचं. ब्राझीलच्या उत्तरेतून विषुववृत्त जातं आणि मकरवृत्त साओ पावलो शहराच्या अगदी जवळून. त्याच्या खालचा दक्षिण भाग उष्ण कटिबंधात येतच नाही. शिवाय देशाचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू आपल्या उलट: डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. आम्ही जुलैत दक्षिणेकडच्या इग्वासू धबधब्याला गेलो तेव्हा रात्री पारा दहाच्या खाली होता आणि आमच्याकडे दोघांत मिळून एक पातळ शाल. पहिली सकाळ धबधब्याऐवजी स्वेटर शोधण्यात गेली. आणखी दक्षिणेला, सान्ता कातारीना राज्यातल्या साओ जोआकिमला तर काही वर्षी बर्फही पडतो.

ॲमेझॉनमध्ये थंडीचा प्रश्न नाही, तिथे पाण्याचा आहे. मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी वर्षभरात सरासरी दहा मीटरहून जास्त वरखाली होते. पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला की वाळवंटातली देवळं पाण्यात जातात, ते आपण पाहतो. तिथे दरवर्षी नदीकाठचं अख्खं जंगल असं महिनोन्महिने पाण्यात उभं असतं. जूनमध्ये होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, ऑक्टोबरमध्ये त्याच जागी वाळूचे किनारे उघडे पडतात. दोन्ही बघण्यासारखं आहे, पण आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवावं लागतं. पांतानालच्या पाणथळीत जॅग्वार, म्हणजे तिथला बिबट्यासारखा प्राणी, दिसायचा तर जुलै ते सप्टेंबर. मारान्याओ राज्यातल्या पांढऱ्या वाळूत पावसाच्या पाण्याची निळी तळी साठतात, तीही साधारण जून ते सप्टेंबरमध्येच भरलेली असतात. रिओचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन उकाड्यात आणि पावसात. ‘कधीही जा’ म्हणणाऱ्याने यातल्या कुठल्या जागेचा विचार केला होता?

आता सात दिवस. ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे 85 लाख चौरस किलोमीटर, भारताच्या अडीचपटीहून जास्त. रिओ ते मनाउस सरळ रेषेत 2,850 किलोमीटर, म्हणजे जवळपास कन्याकुमारी ते श्रीनगर. रिओ ते इग्वासू आणखी 1,200, तेही वेगळ्या दिशेला. भारतातून थेट विमान नाही. दुबई-साओ पावलो हा एकच टप्पा पंधरा तासांच्या आसपासचा. घड्याळ साडेआठ तास मागे जातं आणि पहिले दोन दिवस झोपेचं गणित बसत नाही. जाण्या-येण्याचे दिवस वजा केले तर सातातले चारच हातात राहतात, त्यात एक जागा नीट होते. रेल्वेचं म्हणाल तर आपण जंक्शनच्या गावचे लोक, गाडीने देश बघायची आपली सवय. पण तिथे लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या जवळजवळ नाहीतच, रूळ मुख्यतः खनिज आणि धान्य वाहतात. लोक विमानाने किंवा रात्रीच्या बसने जातात.

सगळ्यात घातक वाक्य लशीचं आहे. पिवळा ताप, म्हणजे यलो फिव्हर, ब्राझीलमध्ये आहे, भारतात नाही. पण तो पसरवू शकणारा एडीस डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यूमुळे सोलापूरकरांना तो चांगलाच माहीत आहे. एक बाधित माणूस इथे आला आणि त्याला हा डास चावला तर काय होईल, याच भीतीने भारत सरकारचा नियम कडक आहे: अशा देशातून येणाऱ्याकडे लशीचं वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. गोंधळ इथेच होतो. सगळे जाण्याचे नियम वाचतात, हा नियम परत येण्याचा आहे. मुंबईत उतरून घरी जायच्या घाईत असताना तो समोर उभा राहतो.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते, तिथेच शिक्का मारलेलं पिवळं पुस्तक देतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकच डोस, आणि 2016 पासून तो जन्मभर वैध धरतात. आमच्या सकाळच्या मंडळींसाठी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ती सहसा देत नाहीत. म्हणून आधी डॉक्टर, मग तिकीट. व्हिसाही निघण्याआधीच काढावा लागतो, तिथल्या विमानतळावर मिळत नाही.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. मोठ्या हॉटेलांत चालतं, बसथांब्यावर आणि खानावळीत फारसं नाही. भाषा पोर्तुगीज. पण मराठी माणसाला ती अगदी परकी वाटायचं कारण नाही, कारण पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपण रोज बोलतो. बटाटा तिथेही ‘बताता’च. पाव ‘पाँव’, चावी ‘शावी’, काजू ‘कझू’. काजूचं झाड तर मुळात तिथलंच. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या माणसाला पंचवीस-तीस शब्द शिकणं जड नाही.

उपाशी राहण्याचं म्हणणं मला सर्वांत जास्त खटकलं. ब्राझीलचं रोजचं जेवण भात आणि घेवड्याची उसळ. अडचण एवढीच की उसळीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, म्हणून ‘सें कार्नी’, मांस नको, हे दोन शब्द पाठ हवेत. कोंबडी आणि मासे तिथे अनेकांच्या लेखी ‘कार्नी’त मोजले जात नाहीत, त्यांचं वेगळं सांगावं लागतं. गावोगावी किलोवर विकणाऱ्या खानावळी आहेत: आपल्या हाताने ताट वाढून घ्यायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. भात, भाज्या, फळं, जे दिसतं ते घ्यायचं, कुणाला काही विचारायला नको. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या पिठाचं तव्यावरचं ‘तापिओका’ ओलं खोबरं घालून खाताना मला उपासाचं घावनच आठवलं. शेंगदाणाही त्याच खंडातला. रिओत एका टपरीवर ‘पासोका’ नावाची वडी घेतली, भाजलेल्या दाण्याचं कूट आणि साखर. यजमानांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, ‘अगं, हे शेंगापोळीचं सारण आहे!’

चोरीची भीती खोटी नाही. समुद्रकिनाऱ्यावर मोबाइल हिसकावतात. फोन आत ठेवावा, रात्री ॲपवरून टॅक्सी बोलवावी, अनोळखी वस्तीत शिरू नये. एवढं सांभाळून आम्ही नऊ दिवस निर्धास्त फिरलो. विजेची बाब मात्र त्या संदेशात कुणी लिहिलीच नाही: रिओत 127 व्होल्ट असतात, त्यामुळे घरून नेलेली चहाची किटली फार हळू तापते. मोबाइलचा चार्जर चालतो.

काल सकाळी तलावावर त्या जोडप्याशी बोलले. आता ते ऑगस्टचं बघत आहेत: तेरा दिवस, फक्त रिओ आणि इग्वासू, ॲमेझॉन या वेळी नाही. काकांना सदुसष्ट पूर्ण झाली आहेत, तेव्हा तिकिटाआधी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या मंगळवारची.