डबल स्टँडला लावा!

आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या महिन्यात एक पाटी लागली : ‘साइड स्टँडवर गाडी लावणारा दोन गाड्यांची जागा अडवतो. त्याने मेंटेनन्सही दोन गाड्यांचा भरावा.’ नाव कुणाचंच नव्हतं. पण साइड स्टँडवर एकच गाडी होती आणि ती माझी होती.

बुलेट घेताना मी आवाज ऐकला, रंग पाहिला, हप्ता मोजला. वजन १९५ किलो हे कागदावर वाचलंही होतं. पण माझं ५८ आहे, आणि या दोन आकड्यांची कधी समोरासमोर गाठ पडेल हे डोक्यातच आलं नाही. शोरूममधल्या मुलाने एका पायाने तिला डबल स्टँडला लावून दाखवली होती, घरी मी दोन हात, एक पाय आणि दात-ओठ वापरले. गाडी हलली नाही, पाठ हलली. त्या दिवसापासून साइड स्टँड.

त्याची फळं मिळाली. मे महिन्यात नारायण पेठेत मित्राच्या वाड्यासमोर गाडी लावून वर गेलो. चहा पिऊन खाली येतो तो स्टँड तापलेल्या डांबरात शिरलेला आणि माझी बुलेट शेजारच्या स्कूटरच्या खांद्यावर मान टाकून उभी. स्कूटरच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेलाचा प्रकार तर सांगायची लाज वाटते. इंजिनचं तेल बघायची काच उजव्या अंगाला, गाडी कललेली डावीकडे. साहजिकच तेलही डावीकडे जाऊन बसणार. काचेत काही दिसेना म्हणून मी अर्धा लिटर ओतलं. मेकॅनिकने गाडी सरळ उभी केली तर काच काठोकाठ भरलेली. ‘साहेब, तेल बघताय की तळण काढताय?’ एवढंच म्हणाला आणि जास्तीचं तेल काढायचे पैसे घेतले.

शेवटी पाटीवाले काकाच खाली आले. एरवी मला अरे-तुरे करतात. ‘अहो’ म्हणाले की अपमान जवळ आला समजायचं.

“अहो, उचलताय कशाला? गॅसचा सिलिंडर आहे का? गाडी उचलायची नसते, स्टँड दाबायचा असतो.”

डावा हात हँडलला, उजवा सीटमागच्या दांडीला. आधी गाडी अगदी सरळ. मग पायाने स्टँड खाली घ्यायचा आणि त्याचे दोन्ही खूर फरशीला टेकले की नाही हे पायालाच कळू द्यायचं. एकच टेकला असेल तर गाडी तुमच्या अंगावर किंवा पलीकडच्याच्या अंगावर. दोन्ही टेकले की हात फक्त तोल सांभाळायला. सगळं वजन उजव्या पायावर टाकून स्टँडच्या दांड्यावर चक्क उभं राहायचं. पहिल्यांदा चप्पल सटकली. काकांनी बूट घालून यायला पाठवलं, तेही तीन मजले.

दुसऱ्यांदा उभा राहिलो मात्र, आणि खट्! गाडी आपणहून मागे सरकून वर चढली. ५८ किलोंनी १९५ किलोंना उचललं. मी आजूबाजूला पाहिलं. बघायला फक्त काका आणि सोसायटीचं मांजर.

मागचं चाक हवेत. बोटाने ढकललं तरी भिरभिरतंय! आजवर चेनला तेल म्हणजे चार बोटं तेल, मग गाडी दोन पावलं पुढे, पुन्हा चार बोटं. आता इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत गेलो, पाच मिनिटांत चेन पुसून, तेल देऊन मोकळा. फिरवता फिरवता टायरमध्ये रुतलेला खिळाही सापडला. पंक्चरवाला आला की गाडीखाली विटा लावत बसायला नको, चाक सरळ काढता येईल, या आनंदात मी खिळ्याकडेही प्रेमाने पाहिलं. आणि जागा? हातभर तरी वाचली.

“छान,” काका म्हणाले. “आता जरा पुढे घ्या. माझी स्कूटर मागे अडकलीय.”

स्टँडवरून गाडी उतरवायची कशी, हे त्यांनी अजून शिकवलं नव्हतं.