कळलं, पुढचं
परवा काकांनी माझा अल्बम ऐकला. अख्खा. 8 ट्रॅक, एकूण 31 मिनिटं, आणि काकांना लागली साधारण साडेतीन.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्ट्रीमिंगवर ट्रॅक साधारण 30 सेकंद वाजला तरच तो एक प्ले म्हणून धरतात, त्याच्या आत पुढे ढकललात तर तुम्ही ऐकलंच नाहीत. एका मोठ्या ॲपवर तर 2024 पासून वर्षभरात 1000 प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकचा एक पैसा मिळत नाही. तर काका 26व्या सेकंदाला मान हलवणार, "कळलं, पुढचं" म्हणणार आणि अंगठा मारणार. मी शेजारी बसून स्क्रीनवरचे आकडे बघतेय, 24, 25, अहो चार सेकंद थांबा ना. एकदा 28 पर्यंत गेले, मी श्वास धरून बसले, तर त्यांना शिंक आली आणि शिंकताना अंगठा लागला.

आमच्या घरात आजोबा हार्मोनियम वाजवायचे, बाबा व्हायोलिन, आई सतार, आत्या गायची आणि काका तबला. त्यामुळे मला इतकी वाद्यं कशी येतात याचं लोकांना कौतुक वाटतं. कौतुक कसलं, रोज कोणीतरी गैरहजर असायचं आणि हाक यायची, "अगं, तू बस तेवढी." बाबांना ताप, तू बस. आजोबा झोपलेत, तू धर हार्मोनियम. बासरी घरात कोणीच वाजवत नव्हतं म्हणून ती शिकले, तर म्हणे, छान, आता बासरी हवी असेल तर बाहेरचं माणूस नको. म्हणजे मी घरातला बारावा खेळाडू. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा सगळंच आपण वाजवायचं, कोणाची जागा भरायला नाही तर आपलं म्हणून. तोच हा अल्बम.

आणि हे वेड काही माझं एकटीचं नाही. सिडनी बेशे या जॅझवादकाने 1941 मध्ये एकट्याने 6 वाद्यं वाजवून रेकॉर्डिंग केलं होतं, आधीची तबकडी लावायची, तिच्याबरोबर पुढचं वाद्य वाजवायचं आणि ते सगळं मिळून नव्या तबकडीवर. आज बटण दाबलं की मागे जाता येतं तरी मी सतरा सतरा टेक घेते. अमेरिकन गायक प्रिन्सचा पहिला अल्बम 1978 मध्ये आला तेव्हा तो 19 वर्षांचा होता आणि त्याच्या नावापुढे 27 वाद्यं छापली होती. मी ती यादी नीट वाचली, तिच्यात टाळ्या आणि चुटक्यासुद्धा आहेत. हे कळल्यावर माझी 6 वाद्यं एका रात्रीत 9 झाली.

मग अल्बम अपलोड करायचा फॉर्म भरताना वादकांच्या नऊच्या नऊ रकान्यांत माझंच नाव टाकलं तर लाल अक्षरात आलं, हे नाव आधीच दिलेलं आहे. मला माहितीये बाबा. शेवटी कसाबसा रिलीज झाला, शुक्रवारी, कारण 2015 पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारीच काढतात. पूर्वी देशादेशाचा वार वेगळा असायचा, आता सगळे एकाच दिवशी एकाच दारातून आत घुसतात आणि त्या चेंगराचेंगरीत मी, हातात नऊ वाद्यं.

असो. काका.

पहिला ट्रॅक. "व्हायोलिन दादाने वाजवलंय ना?"
"नाही, मी."
"तरीच. दादाची मींड आहे, तसंच सुरावरून सुरावर घसरत जाणं. कळलं, पुढचं."
दुसरा. "सतार वहिनीची."
"माझी आहे काका."
"हो का? जरा घाई होतेय. ती तुझी. पुढचं."

म्हणजे जे बरं ते खानदानी आणि जे चुकलं ते माझं स्वतःचं, ओरिजिनल.

तिसऱ्याला तबला सुरू झाला. काकांची बोटं मांडीवर चालायला लागली आणि एकदम थांबली. "हे कोण?"
"मीच."
जरा वेळ काही बोलले नाहीत. मग, "मला का नाही बोलावलंस?"
"सोलो आहे ना काका."
"अगं मग? मी आयुष्यभर तबल्याचे सोलो केले, लेहरा धरायला, मागे तीच धून फिरवत ठेवायला कोणीतरी लागतोच ना? सोलो म्हणजे एकट्याने मिरवायचं, एकट्याने वाजवायचं नाही." मग आवाज एकदम खाली आणून, दार बंद आहे ना ते बघून, "खरं सांग, सगळ्यांशी भांडलीस का?"

मी त्यांना प्रिन्सचं सांगितलं. 27 वाद्यं वगैरे.
"त्याच्या घरी कोणी वाजवणारं नव्हतं का?"
"होतं की. वडील पियानो वाजवायचे, आई गायची."
"मग तो पण भांडला असणार."

यावर काय बोलणार? भांडले नव्हते हो. पण हे पण खरंय की बंद खोलीत कानात ती लय धरून ठेवणारी क्लिक टकटकत असताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आल्यावर बघायला समोर कोणी नसतं, सवयीने मान वर जाते आणि समोर भिंत. हे मी त्यांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं, लगेच म्हणाले असते, बघ.

सहाव्या ट्रॅकला 22व्या सेकंदाला काका म्हणाले, "तबला उतरलाय."
"नाही हो, ट्यूनरवर लावलाय."
"लावला असशील. नंतर उतरलाय. कणभर, पण उतरलाय. पुढचं."

रात्री हेडफोन घालून ऐकलं. उतरलाय. तो सतरावा टेक होता, दमट हवेत तासभर वाजवून पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडून सूर खाली आला असणार, आणि हार्मोनियम बिचारी जागची हलत नाही त्यामुळे तिच्याशेजारी ते आता ढळढळीत दिसतंय. आठ महिने मला कळलं नाही, मिक्सिंग करणाऱ्याला कळलं नाही आणि या माणसाला 22 सेकंदांत कळलं, वर तो प्ले धरला पण नाही.

तबला परत वाजवला तर ते नवीन रेकॉर्डिंग, म्हणजे नवा 12 अक्षरी आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची स्वतःची ओळख), आणि जुने प्ले जुन्यापाशीच राहणार. सध्या त्या ट्रॅकला 11 प्ले आहेत. त्यातले 9 माझे.

सकाळी काकांचा मेसेज आलाय, "सहावा मी वाजवून देतो. नाव नको टाकूस." मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी स्वतःच लावून बघते म्हणून तबल्याची हातोडी शोधतेय, तर ती कुठेच नाही. बहुतेक काकांकडेच आहे.