मिसिसिपीचे कागद इथं बसून वाचता येतात

"साठच्या दशकातल्या अमेरिकी चळवळींवर भारतात बसून संशोधन होऊच शकत नाही. मूळ कागदपत्रं तिकडच्या विद्यापीठांत कुलूपबंद आहेत. फुकट मिळतात ती फक्त नेत्यांची भाषणं. त्यापेक्षा त्या वेळची वर्तमानपत्रं वाचा, तेवढं पुरतं." असा मजकूर सध्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. एम.ए. करणाऱ्या एका मुलीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "सर, विषय बदलू का?" मुळीच बदलू नकोस.

आधी कुलपाचं बघू. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी ही इतिहाससंस्था दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यापासून शेकडो मैल उत्तरेला आहे. तरी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ चालू असतानाच तिनं दक्षिणेत माणसं धाडून कार्यकर्त्यांच्या घरातली पत्रं, डायऱ्या, बैठकांची इतिवृत्तं गोळा केली. १९६४च्या 'फ्रीडम समर'चे, म्हणजे मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीच्या मोहिमेचे, त्यातले हजारो कागद आज कुणालाही मोफत वाचता येतात. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या मजुरांचा १९६५चा संप घ्यायचा असेल, तर सॅन डिएगोच्या विद्यापीठ ग्रंथालयात त्याचा मोठा खुला संग्रह आहे. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पार्टी या संघटनेच्या 'द ब्लॅक पँथर' या वृत्तपत्राचे अंकही स्कॅन झालेत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच संघटनेपासून प्रेरणा घेऊन, त्यामुळे मराठी विद्यार्थ्यानं तर ते आवर्जून उघडावेत. काही संग्रह पैसे भरूनच उघडतात आणि पुष्कळ पत्रव्यवहार अजून स्कॅन व्हायचाय, एवढं मात्र त्या मजकुरात खरं आहे.

'फक्त भाषणं' हेही चूक. २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचं म्हणून सगळ्यांना मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्वप्नाचं भाषण आठवतं. पण त्या मोर्चासाठी संयोजकांनी छापलेली मार्गदर्शक पुस्तिका जुन्या कार्यकर्त्यांनीच उभारलेल्या 'सिव्हिल राइट्स मूव्हमेंट अर्काइव्ह'वर वाचायला मिळते. तीत दहा मागण्या आहेत, आणि त्यांत तासाला किमान दोन डॉलर मजुरीची मागणी आहे. पुढं डब्यात काय आणावं तेही सांगितलंय: मेयोनेजसारखं उन्हात खराब होणारं काही नको, पीनट बटर-जेलीचं सँडविच आणि एखादं फळ आणा. अडीच लाख माणसं उन्हात दिवसभर उभी राहणार, तर त्यांच्या पोटाचा विचार कुणीतरी बसून केला होता. चळवळ कशी उभी राहते हे मला त्या पानावर जितकं दिसलं, तितकं कुठल्याच भाषणात दिसलं नाही.

आणि वर्तमानपत्रं? मिसिसिपीची राजधानी जॅक्सन, तिथलं मोठं दैनिक 'क्लॅरियन-लेजर' त्या काळी उघडउघड वर्णभेदाच्या बाजूनं लिहीत होतं. नुसतं तेच वाचणाऱ्याला एकच बाजू कळेल. त्याच्या शेजारी मिसिसिपी सॉव्हरिन्टी कमिशनच्या फायली ठेवून वाचाव्यात. राज्य सरकारनं १९५६ साली हे मंडळ नेमलं, आणि चळवळीतल्या लोकांवर पाळत ठेवणं हे त्याचं मुख्य काम झालं. खबरे पेरले, सभेबाहेर उभ्या गाड्यांचे नंबर टिपले, कोण कुणाला भेटलं त्याचे अहवाल टंकलिखित केले. १९७७ साली मंडळ बरखास्त करताना विधिमंडळानं या फायलींना २०२७पर्यंत सील ठोकलं होतं. लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले, तेव्हा १९९८ साली त्या खुल्या झाल्या. आता राज्याच्या अभिलेखागारानं लाखाहून जास्त पानं ऑनलाइन ठेवली आहेत. ज्यांच्यावर पाळत होती त्यांनी भांडून मिळवलेले हे कागद 'मिळतच नाहीत' असं कुणी लिहिलं की मला राग येतो.

शोधताना मात्र आजचे शब्द टाकून भागत नाही. 'आफ्रिकन अमेरिकन' टाकलंत तर त्या काळचे बरेच कागद सुटून जातील, कारण त्यांत 'नीग्रो' असं लिहिलेलं असतं. चळवळीच्या नावापेक्षा गावाचं किंवा काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) नाव टाका. सुरुवात मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावापासून करा, तिथं मतदारनोंदणीचं काम फार जोरात झालं होतं.