‘गांजाचं औषध’ आणि सहावा डोस

नमस्कार. फ्रान्समधल्या २०१६ च्या औषध-चाचणीत एक माणूस दगावला, त्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण निम्मी पटलीसुद्धा.

तुमचा पहिला आक्षेप: त्या चाचणीतल्या बीआयए १०-२४७४ या औषधाला मी ‘गांजाचं औषध’ म्हटलं. चूक माझीच. सुरुवातीच्या बातम्यांत तसं आलं होतं, मी न तपासता उचललं. त्या रेणूत गांजा नावालाही नव्हता. आपल्याच मेंदूत गांजासारखं काम करणारं अनॅन्डामाइड नावाचं रसायन तयार होतं. १९९२ मध्ये जेरुसलेमला मेकूलम या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि नाव ठेवलं ते संस्कृत ‘आनंद’वरून (बारसं तरी आपल्याकडचं!). ‘फा’ नावाचं एन्झाइम त्याचा लगेच फडशा पाडतं. त्यालाच रोखलं तर आनंद जरा जास्त टिकेल आणि दुखणं कमी होईल, असा पोर्तुगालच्या बियाल कंपनीचा हिशेब.

दुसरा आक्षेप मात्र मान्य नाही. ‘नवं औषध म्हणजे जोखीम आलीच, लोकांनी १९०० युरो घेऊन सह्या केल्या होत्या,’ असं तुम्ही म्हणता. उंदीर, कुत्री, माकडं यांच्यावर आधी चाचण्या झाल्या होत्या, हे खरं. फायझरचं ‘फा’ रोखणारं औषधही माणसांना बाधलं नव्हतं. फक्त दुखणं थांबेना. बियालचा रेणू इतर लायपेज (चरबी फोडणाऱ्या) एन्झाइमनाही धरतो, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं २०१७ मध्ये, म्हणजे चाचणीनंतर. तेव्हा पहिला माणूस आजारी पडला त्याचा दोष मी कुणाला देत नाही. तरी डोस वाढवताना आधीच्या गटाच्या २० मिलिग्रॅमवरून एकदम ५० ची उडी कशाला? ‘फा’ त्याच्या कितीतरी आधीच पुरतं बंद पडत होतं.

पण पुढचं बघा. १० जानेवारी २०१६, रविवार, फ्रान्समधलं रेन. ५० मिलिग्रॅमच्या गटातल्या एकाला पाचव्या डोसनंतर संध्याकाळी रुग्णालयात हलवलं. सोमवारी सकाळी आठ वाजता उरलेल्या पाच जणांना सहावा डोस दिला. आदल्या संध्याकाळी काय झालं ते त्यांना न सांगता. रुग्णालयात गेलेल्याची तब्येत कशी आहे याची धड चौकशीही न करता. सरकारी तपासणीत बायोट्रायल या चाचणी घेणाऱ्या संस्थेवर याच गोष्टींचा ठपका आहे. औषध नियामकाला उशिरा, १४ तारखेला कळवल्याचाही. पहिला माणूस १७ ला वारला. त्या पाचांपैकी चौघांना मेंदूचा त्रास झाला.

सही होती, कबूल. पण ती रविवारच्या आधीची. सोमवारी सकाळी पुन्हा विचारलं असतं, तर त्यातल्या किती जणांनी औषध घेतलं असतं, तुम्हीच सांगा.

‘गांजाचं औषध’ हे शब्द आज रात्री काढतो. सहाव्या डोसचा परिच्छेद आहे तसाच राहील.